फोन येण्याआधी करून ठेवायची तयारी

फसवणुकीचा फोन येतो तेव्हा विचार करायला वेळ मिळत नाही. भामटा तो मिळूच देत नाही. म्हणून ही यादी निवांत दिवशी, डोकं थंड असताना उरकायची. फसवणुकीचे प्रकार पाठ करत बसू नका, ते सारखे बदलत असतात. दोन वाक्यं मात्र बहुतेक सगळीकडे ऐकू येतात: ‘आत्ताच्या आत्ता करा’ आणि ‘कुणाला सांगू नका’. आपली तयारीही या दोन वाक्यांना तोंड देण्यासाठीच आहे.

सुरुवात एका कागदापासून करा. कार्डाच्या मागे छापलेला बँकेचा मदतक्रमांक, मोबाइल कंपनीचा क्रमांक आणि सायबर गुन्ह्याची तक्रार जिथे नोंदवतात तिथला अधिकृत क्रमांक लिहून काढा आणि कागद घरात सगळ्यांना दिसेल असा लावा. ऐनवेळी इंटरनेटवर शोधायला गेलात, तर भामट्यांनीच पेरून ठेवलेला खोटा ‘ग्राहक सेवा’ क्रमांक हाती लागू शकतो. फोनच्या पडद्यावर बँकेचं नाव दिसलं म्हणून फोन बँकेचाच असतो असं नाही, ते नाव आणि तो क्रमांक दोन्ही बनावट दाखवता येतात. त्यामुळे पैशांबद्दलचा फोन कुणाचाही असो, तो ठेवायचा आणि कागदावरच्या क्रमांकावर आपण स्वतः लावायचा. खऱ्या बँकेला याचा राग येत नाही. ‘फोन ठेवू नका’ असं कुणी दरडावलं, तर लगेच ठेवायचा.

घरच्यांशी बोलून एक परवलीचा शब्द ठरवून घ्या. थोड्याशा रेकॉर्डिंगवरून एखाद्याचा हुबेहूब आवाज तयार करणं आता अवघड राहिलेलं नाही. ‘अपघात झालाय, पैसे पाठव’ असं रडत सांगणारा आवाज मुलाचाच वाटला, तरी परवलीचा शब्द विचारायचा. शब्द असा हवा की जो समाजमाध्यमांवर सापडणार नाही, म्हणजे कुत्र्याचं नाव नको. सोबत आणखी एक नियम करा: ठरावीक रकमेच्या वर कुठलाही नवा व्यवहार करण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगायचं आणि रात्र जाऊ द्यायची. हा नियम फक्त म्हाताऱ्या माणसांवर लादू नका. तो सगळ्यांना सारखा असला, तरच पाळला जातो.

मग खात्यांकडे वळा. रोजच्या व्यवहारासाठी वेगळं खातं ठेवा आणि त्यात लागेल तेवढीच रक्कम असू द्या. बचतीचं खातं फोनवरच्या ॲपशी जोडलेलंच नसलं तर फार चांगलं. व्यवहाराची रोजची मर्यादा कमी करून घ्या, प्रत्येक व्यवहाराचा संदेश येईल अशी सोय करा. शक्य असेल तिथे मेसेजने येणाऱ्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनमध्येच तात्पुरता कोड तयार करणारं ॲप) वापरा, कारण तुमच्या नावाने दुसरं सिम काढलं गेलं तर ओटीपी भामट्याच्या हातात पडतो. फोनचं नेटवर्क अचानक आणि विनाकारण गेलं, तर ते सिम बदलल्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला आणि बँकेला विचारा. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवून स्वतः भरणारं ॲप, वापरत असाल तर एक फायदा आयताच मिळतो. बनावट संकेतस्थळावर तो पासवर्ड आपोआप भरत नाही, कारण आपल्या डोळ्यांना सारखा दिसणारा पत्ता त्याला वेगळा दिसतो.

काही नकार आधीच ठरवून टाका, म्हणजे ऐनवेळी वाद घालावा लागत नाही. ओटीपी, पिन कुणालाही सांगायचा नाही. कुणी आपल्या खात्यात पैसे टाकणार असेल, तर त्यासाठी आपला पिन लागत नाही. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपली स्क्रीन त्याला दाखवणारं ॲप फोनवर घ्यायचं नाही. ‘तुमचे पैसे सुरक्षित खात्यात हलवा’ असं कुठलीही बँक सांगत नाही, आणि खरे पोलीस अटक टाळण्यासाठी फोनवर पैसे मागत नाहीत. दंड, कर किंवा थकबाकी गिफ्ट कार्डने भरायला सांगितली की फोन ठेवायचा. गिफ्ट कार्डातले पैसे एकदा गेले की परत येणं फार कठीण असतं, म्हणूनच तर ते मागतात. बक्षीस, कर्ज किंवा नोकरीसाठी ‘आधी थोडं शुल्क भरा’ म्हणणारे त्याच माळेचे मणी.

गुंतवणुकीवर मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे माणूस घाबरून फसत नाही, खूश होऊन फसतो. चार्ल्स पाँझीने 1920 साली बॉस्टनमध्ये 45 दिवसांत 50 टक्के नफा देऊ केला. परदेशातून उत्तर पाठवण्यासाठी तिकीट मिळवून देणाऱ्या टपालाच्या आंतरराष्ट्रीय कूपनांवर हा नफा मिळतो, असं तो सांगे. पण एवढा धंदा करायला जितकी कूपनं लागली असती, त्याच्या आसपासही ती अस्तित्वात नव्हती. नव्यांचे पैसे जुन्यांना वाटले जात होते. ‘हा नफा येतो कुठून?’ हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. अमेरिकेत अशीच फसवणूक करणाऱ्या बर्नी मॅडॉफचं प्रकरण जास्त शिकवतं. त्याने डोळे दिपवणारा नफा कबूल केलाच नव्हता. बाजार वर जावो की खाली, त्याचा परतावा संथ आणि एकसारखा असे, आणि तीच फसवणुकीची खूण होती. त्याच्या ग्राहकांमध्ये बँका आणि धर्मादाय संस्थाही होत्या, तेव्हा ‘शिकलेले लोक फसतातच कसे’ हा प्रश्न मला पोकळ वाटतो. 2008 च्या मंदीत लोक पैसे परत मागायला लागले आणि डोलारा कोसळला.

आजचे भामटे एक पाऊल पुढे गेलेत. ओळख वाढवायची, बनावट ॲपवर फुगलेला नफा दाखवायचा आणि सुरुवातीला थोडे पैसे काढूही द्यायचे. त्यामुळे ‘मी काढून पाहिले, मिळाले’ हा पुरावा धरू नका. मोठी रक्कम काढायला गेलात की ‘आधी कर भरा’ हे ठरलेलं उत्तर येतं. पैसे देण्याआधी सल्लागाराची नोंदणी नियामकाच्या, म्हणजे गुंतवणुकीच्या बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर स्वतः शोधा. त्याने पाठवलेली लिंक उघडू नका.

आपलं खातं कुणालाही ‘काही दिवसांसाठी’ वापरायला देऊ नका. त्यातून चोरीचा पैसा फिरला तर चौकशी तुमचीच होते. अनोळखी माणसाकडून ‘चुकून’ पैसे आले तर परस्पर परत पाठवू नका, बँकेला कळवा.

शेवटी, पैसे गेलेच तर काय करायचं हेही त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा. आधी बँकेला फोन करून व्यवहार थांबवायला सांगा आणि खातं व कार्ड गोठवा. मग लगेच तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने हलवले जातात, त्यामुळे लाजेपायी सकाळपर्यंत वाट पाहू नका. संतापाने चॅट पुसून टाकू नका. मेसेज, व्यवहार क्रमांक, पडद्याची छायाचित्रं, सगळं जपून ठेवा. आणि काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, थोडं शुल्क लागेल’ असा फोन आला, तर फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात हे लक्षात असू द्या. त्या माणसाचा क्रमांकही तक्रारीत जोडा.