रोलर डर्बीच्या खेळाडूंनी योगाभ्यासात या चुका टाळाव्यात

रोलर डर्बी हा चाकांच्या स्केट्सवर दोन संघांत खेळला जाणारा धडकांचा खेळ आहे. त्याची सुरुवात १९३५ मध्ये लिओ सेल्झर यांनी शिकागोत भरवलेल्या लांब पल्ल्याच्या स्केटिंग शर्यतीतून झाली. या खेळाचे आजचे रूप मात्र २००१ पासून टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात स्त्रियांनी घडवले आणि तेथून तो जगभर पोहोचला. सामना ३० मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो. प्रत्येक सत्र जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये, म्हणजे ‘जॅम’मध्ये, विभागलेले असते आणि दोन जॅममध्ये फक्त ३० सेकंदांची उसंत मिळते. हेल्मेटवर तारा लावलेली जॅमर, म्हणजे गुण मिळवणारी खेळाडू, प्रतिस्पर्धी ब्लॉकर्सच्या, म्हणजे वाट अडवणाऱ्या खेळाडूंच्या, भिंतीतून वाट काढते आणि त्यांना ओलांडून गुण मिळवते. हे सारे गुडघे वाकवून, खुबे खाली ठेवून, सतत घड्याळाच्या उलट दिशेने फिरत आणि अंगावर धडका झेलत चालते.

अशा खेळासाठी योग अतिशय उपयुक्त आहे, यात मला शंका नाही. परंतु अनेक खेळाडू योगाकडे केवळ अंग ताणण्याचा प्रकार म्हणून पाहतात, आणि पुढे वर्णन केलेल्या बहुतेक चुका या एका समजुतीतूनच होतात. आखडलेले भाग सुटे होणे आवश्यक आहेच, पण डर्बीच्या खेळाडूला योगातून त्याहून महत्त्वाचे असे मिळू शकते ते म्हणजे सांध्यांभोवतीची ताकद, दोन्ही बाजूंचा समतोल आणि श्वासावरचा ताबा.

सामन्याच्या तोंडावर दीर्घ ताण देणे

सामना सुरू होण्याच्या अर्धा तास आधी चटई पसरून पश्चिमोत्तानासनात किंवा बद्धकोनासनात दोन-दोन मिनिटे स्थिर बसणाऱ्या खेळाडू अनेकदा दिसतात. एखाद्या स्नायूला एका मिनिटाहून अधिक काळ स्थिर ताण दिला, तर त्यानंतर काही वेळ त्याची झटकन जोर लावण्याची क्षमता थोडी कमी होते, असे क्रीडाविज्ञानातील अभ्यासांत वारंवार आढळले आहे. शिट्टी वाजताच टो-स्टॉपवरून, म्हणजे स्केटच्या पुढच्या टोकाच्या ब्रेकवरून, उसळी घेणाऱ्या जॅमरला नेमकी तीच क्षमता हवी असते.

म्हणून सामन्यापूर्वी आठ-दहा मिनिटे हालती आसने करावीत. श्वासाच्या लयीत मार्जारासन, एक पाय पुढे टाकून खुबा खाली-वर करणे, उत्कटासनात (खुर्चीत बसल्यासारखे गुडघे वाकवून) बसणे आणि उठणे, धड दोन्ही बाजूंना सावकाश वळवणे एवढे पुरेसे असते. दीर्घकाळ धरायची आसने सराव संपल्यानंतर किंवा विश्रांतीच्या दिवशी करावीत.

उत्कटासन जसेच्या तसे ट्रॅकवर नेणे

डर्बीतली उभे राहण्याची मूळ ठेवण आणि उत्कटासन यांचे साम्य चटकन डोळ्यांत भरते, आणि त्यामुळेच येथे फसगत होते. योगाच्या वर्गात अनेकदा पाय जुळवून, भार टाचांवर नेऊन उत्कटासन करायला सांगतात. चार चाकांच्या क्वाड स्केट्सवर तोच भार टाचांवर गेला की स्केट्स पुढे निसटतात आणि खेळाडू माकडहाडावर आदळते. डर्बीसाठी उत्कटासनाचा सराव करताना पाय खांद्यांइतके दूर असावेत, भार तळव्याच्या मध्यावर किंचित पुढे असावा, छाती उघडी राहावी आणि नजर समोर असावी.

दुसरी चूक कंबरेची आहे. खाली बसायचे म्हणजे खुब्यांतून वाकायचे, हे न कळल्यामुळे अनेक जणी पाठ गोल करून पुढे झुकतात. सरावानंतर कंबर धरत असेल, तर आधी हे तपासावे. एक काठी पाठीशी अशी धरावी की ती डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकेल, आणि मग काठी न सुटू देता उत्कटासनात बसावे. काठी एखाद्या ठिकाणाहून सुटली, तर पाठ कुठे गोल होते आहे ते लगेच कळते. ही वाकण्याची पद्धत अंगवळणी पडली की शलभासन आणि सेतुबंधासन यांनी पाठीच्या खालच्या भागाला आणि नितंबांच्या स्नायूंना बळ द्यावे, कारण तासभर वाकून खेळताना मांड्यांचे पुढचे स्नायू सारे काम ओढून घेतात आणि नितंबांचे स्नायू मागे पडतात.

डाव्या-उजव्या बाजूंना सारखेच वागवणे

ही चूक सर्वांत कमी बोलली जाते आणि माझ्या मते सर्वांत महाग पडते. ट्रॅकवर खेळाडू शेकडो वेळा डावीकडेच वळते. क्रॉसओव्हर करताना उजवा पाय डाव्या पायावरून पुढे पडतो, तर डावा पाय स्केटच्या बाहेरच्या कडेवर झुकून शरीराखालून जोर लावतो. दोन्ही पायांचे काम इतके वेगळे आहे की काही महिन्यांत एक खुबा दुसऱ्याहून अधिक आखडलेला, आणि धडही एका बाजूला सहज वळणारे झालेले आढळते. आपल्याकडे रिंकवर क्वाड स्केट्सच्या शर्यतींत उतरणारी मुलेही याच दिशेने फेऱ्या मारतात, त्यामुळे त्यांच्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनीही याकडे लक्ष द्यावे.

अशा शरीराला दोन्ही बाजूंचे आसन मोजून सारख्याच श्वासांचे दिले, तर आधीचा फरक तसाच कायम राहतो. त्यापेक्षा आधी दोन्ही बाजू पारखाव्यात. पाठीवर झोपून, पट्टा वापरून सुप्त पादांगुष्ठासनात प्रत्येक पाय कुठपर्यंत येतो ते पाहावे. भरद्वाजासनात कोणत्या बाजूचे वळण अडते ते पाहावे. वृक्षासनात कोणता घोटा लवकर डळमळतो, याचीही नोंद ठेवावी. जी बाजू अडते किंवा डळमळते तिच्यापासून सुरुवात करावी, तिला थोडा अधिक वेळ द्यावा आणि शेवटी पुन्हा एकदा तिच्याकडे यावे. दर तीन-चार आठवड्यांनी ही पारख पुन्हा करणे आवश्यक आहे, कारण हंगामाच्या मध्यावर शरीर पुन्हा बदललेले असते.

येथे पट्टा, विटा आणि लोड यांचा संकोच वाटू देऊ नये. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी अशा साधनांच्या आधारे आसने शिकवण्याची जी पद्धत विकसित केली, ती आखडलेल्या आणि दुखऱ्या शरीराच्या खेळाडूंना फार मानवते. हात जमिनीला टेकत नसेल, तर हाताखाली वीट घ्यावी. पायाचा अंगठा हातात यावा म्हणून खांदा ओढून घेण्यापेक्षा पट्टा धरणे कितीतरी शहाणपणाचे आहे.

खुब्याचे काम गुडघ्याकडून करून घेणे

घट्ट खुबे सोडवण्यासाठी खेळाडूंचे आवडते आसन म्हणजे एक पाय पुढे दुमडून दुसरा मागे पसरण्याचे एकपाद राजकपोतासन. त्यात पुढच्या पायाची नडगी चटईच्या पुढच्या कडेला समांतर आणण्याचा आग्रह धरला जातो. खुबा तेवढा वळत नसेल, तर तो पीळ गुडघ्यावर येतो, आणि डर्बीत गुडघ्यांवर आधीच धडका, पडणे आणि सततचे वाकणे यांचा भार असतो. पद्मासनाचा हट्टही याच कारणासाठी सोडावा. गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला टोचल्यासारखे वाटले, तर तेथेच आसन सोडावे. पाठीवर झोपून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्याच्या वर, मांडीवर ठेवून ती मांडी छातीकडे ओढली, तर खुब्याला तोच लाभ बराचसा मिळतो आणि गुडघा सुरक्षित राहतो.

मांडीच्या आतल्या स्नायूंबाबत मात्र चूक उलट्या बाजूने होते. पाय फाकवून, पंजे आत वळवून थांबताना, म्हणजे प्लाऊ स्टॉप करताना, हे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात. केवळ उपविष्ट कोणासनात पाय अधिकाधिक फाकवत गेल्याने ते सैल होतील, पण हा भार पेलण्याची ताकद त्यांच्यात येणार नाही. पाठीवर झोपून गुडघ्यांमध्ये वीट दाबून सेतुबंधासन करावे. रुंद पायांच्या उत्कटासनात टाचा जमीन न सोडता एकमेकींकडे ओढल्यासारख्या कराव्यात. ज्यांचे सांधे मुळातच सैल आहेत, त्यांनी ताणण्याचा भाग कमी करून हा भाग वाढवावा.

बाकावर बसून कपालभाती करणे

श्वासाचे महत्त्व पटलेल्या खेळाडूही येथे घाई करतात. दोन मिनिटांच्या जॅमनंतर शरीर हवेसाठी धडपडत असते. अशा वेळी कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, अयोग्य आहे, आणि कपालभातीसारखी वेगाची क्रिया केल्यास भोवळ येऊ शकते. पहिले काही श्वास तोंडाने मोकळे सोडू द्यावेत आणि मग श्वास घेण्यापेक्षा सोडण्याचा वेळ लांबवावा. चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर असा एक श्वास दहा सेकंदांचा होतो. त्यामुळे ३० सेकंदांत असे दोन श्वास नीट साधले तरी पुष्कळ आहे. हा सराव घरी करताना माउथगार्ड तोंडात ठेवूनच करावा, कारण त्याने श्वासाची वाट बदलते आणि सामन्यात ते अनोळखी वाटता कामा नये.

धडक बसण्याच्या क्षणी श्वास रोखण्याची सवय अनेकींना असते. फलकासनात (प्लँकमध्ये) सहकाऱ्याला खांद्यावर आणि खुब्यावर हलके धक्के देण्यास सांगून, प्रत्येक धक्क्याला छोटा श्वास सोडण्याचा सराव केल्यास ती सवय सुटते.

मनगट आणि डोके यांच्या दुखापतीकडे दुर्लक्ष करणे

रिस्टगार्ड घातलेले असले, तरी पडताना मनगटावर ताण येतोच. मनगट दुखत असताना सूर्यनमस्कारांच्या फेऱ्या रेटू नयेत. फलकासन कोपरांवर करावे आणि अधोमुख श्वानासनाऐवजी हात भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला टेकवून धड जमिनीला समांतर करावे.

डोक्याला मार लागल्यानंतर डोकेदुखी, मळमळ, भोवळ, प्रकाशाचा त्रास किंवा गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही जाणवत असेल, तर त्याच क्षणी खेळ थांबवून डॉक्टरांकडे जावे. शीर्षासन, सर्वांगासन, अधोमुख श्वानासन आणि डोके झपाट्याने खाली-वर होणारे सूर्यनमस्कार डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत पूर्णपणे वर्ज्य समजावेत. योग सौम्य असतो म्हणून चालेल, हा युक्तिवाद येथे धोकादायक आहे. पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने सपाटीवर सावकाश चालणे सुरू करावे. आसनांकडे परतताना आधी आधार घेऊन बसण्याची आणि झोपण्याची आसने करावीत, तोल सांभाळण्याची आसने त्यानंतर, आणि डोके खाली नेणारी आसने सर्वांत शेवटी.