एस्प्रेसो मशीन नंतर, आधी ग्राइंडर

"मशीन कुठलं घेऊ?" असं घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत ओळखीचं कुणीही विचारलं, की मी आधी ग्राइंडरचं, म्हणजे कॉफीच्या बिया दळायच्या यंत्राचं, विचारतो. हाताशी ४० हजार असतील तर निम्मे ग्राइंडरला काढून ठेवा आणि उरलेल्यांत मशीन बसवा. दुकानात उलटं सांगतात, "आत्ता मशीन घ्या, ग्राइंडरचं नंतर बघू." हा सल्ला मी ऐकला आणि त्यात माझं जवळजवळ एक वर्ष गेलं.

पायरी १ : ग्राइंडर

मिक्सरच्या छोट्या भांड्यात बिया फिरवल्या की त्यांचे तुकडे होतात. काहींचा मैदा होतो, काहींचा रवा, काही नुसत्याच फुटतात. एस्प्रेसोचं पाणी साधारण ९ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या नऊपट, दाबाने कॉफीतून जातं. ते जाड कणांमधून सुसाट निघतं आणि बारीक कणांतला कडवटपणा ओढून आणतं. माझ्या मशीनमधून १० सेकंदांत फिकट, आंबट पाणी यायचं. मशीन बिघडलंय अशी माझी खात्री झाली होती. दोनदा दुरुस्तीला दिलं, दोन्ही वेळा "मशीन ठीक आहे" म्हणून परत आलं. मग एक मित्र वाशीहून आपला हाताचा ग्राइंडर घेऊन आला. बिया त्याच, मशीन तेच, आणि पोर्टाफिल्टरखाली (कॉफी भरून मशीनला अडकवायचा दांडा) मधासारखी दाट, तांबूस धार लागली. वर्षभर मी ज्या मशीनला दोष दिला त्याचा काहीच दोष नव्हता.

म्हणून मिक्सरसारखा पात्याचा ग्राइंडर घेऊच नका. बरचा घ्या. बर म्हणजे जात्याच्या दोन तळ्यांसारखी दोन दातेरी चाकं. त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त करून दळण बारीक-जाड होतं. चकलीच्या भाजणीला आपण गिरणीत "जाडसर ठेवा" सांगतो, तसंच.

पण नुसतं "बर ग्राइंडर" एवढं वाचून पैसे देऊ नका. दळण बदलायची चकती एक टप्पा (क्लिक) फिरवली की हे अंतर किती बदलतं ते आधी बघा, कारण खरी अडचण तिथेच आहे. फिल्टर कॉफीसाठी बनवलेल्या ग्राइंडरचे टप्पे मोठे असतात. एका क्लिकवर कॉफी १८ सेकंदांत पडते, पुढच्या क्लिकवर मशीन गुदमरून थेंब-थेंब टाकतं, आणि अधलं-मधलं काही मिळत नाही. वनझेडप्रेसो कंपनीच्या जेएक्स-प्रो या हाताच्या ग्राइंडरला एका क्लिकमागे १२.५ मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) फरक पडतो. साधारण एवढा किंवा याहून बारीक टप्पा हवा. विजेचा घेणार असाल तर टप्पे नसलेला, सलग फिरणारा घ्या. माझं मत विचाराल तर दिवसाला दोन-तीन कपांसाठी हाताचाच बरा. त्याच पैशांत बर चांगले मिळतात आणि वन बीएचकेमध्ये पहाटे सहाला घर जागं होत नाही.

पायरी २ : दळण बसवणं

इथे बहुतेकजण हार मानतात, कारण ते एकाच वेळी सगळं बदलत बसतात. तसं करू नका. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा घ्या. कॉफी १८ ग्रॅम, कपात उतरणार ३६ ग्रॅम, हे दोन आकडे पक्के धरा. पंप सुरू केल्यापासून ३६ ग्रॅमला २५ ते ३० सेकंद लागायला हवेत. २० च्या आत आटपलं तर एक क्लिक बारीक, ३५ च्या पुढे गेलं तर एक क्लिक जाड. त्या दिवशी बाकी कशालाही हात लावायचा नाही. विजेच्या ग्राइंडरमध्ये आधीचं दळण अडकून राहतं, म्हणून टप्पा बदलल्यावर पहिले दोन-तीन ग्रॅम फेकून द्या.

आकडे बरोबर असूनही धार बाजूला चिरकांडी मारत असेल तर कॉफीत गुठळ्या आहेत. बाटलीच्या बुचात चार बारीक सुया खोचा, त्यांनी बास्केटमधली (पोर्टाफिल्टरमध्ये बसणारी जाळीची वाटी) कॉफी तळापासून मोकळी करा आणि मग सपाट दाबा. किती जोर लावता यापेक्षा पृष्ठभाग तिरका नाही ना, हे महत्त्वाचं. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की मे महिन्यात बसवलेलं दळण जुलैत चालत नाही. पुन्हा बसवा. चिकोरी घातलेली तयार पावडर या कामाची नाही. भाजून एक-दोन आठवडे झालेल्या चिकमगळूर किंवा अराकूच्या बिया आणा.

पायरी ३ : मशीन

खोक्यावरच्या "१५ बार"ला भुलू नका, कॉफीला ९ च लागतात. दुहेरी तळाची, एकाच भोकाची बास्केट खोटा फेस काढते. साधी बास्केट बसत असेल तरच मशीन घ्या, आणि ५८ मिमीची असेल तर सुटे भाग सहज मिळतात. घरात चौघांना कॅपुचिनो लागत असेल तर वाफेची नळी दमदार हवी. एकट्याने काळी पिणाऱ्याला विजेशिवाय चालणारं हाताच्या दांड्याचं यंत्र पुरतं. प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर ते मशीनमध्ये ओतू नका, बॉयलरमध्ये क्षार साचतात.

पायरी ४ : तंबूत

मोका पॉट (गॅसवर वाफेच्या दाबाने कॉफी करायचं भांडं) छान आहे, पण त्याचा दाब जेमतेम १-२ बार, त्यामुळे ती एस्प्रेसो नव्हे. मी कसारा घाट चढून भंडारदऱ्याला जातो तेव्हा पिकोप्रेसो नेतो. हाताने पंप करायचा, १८ ग्रॅमची बास्केट, मुठीत मावेल एवढं यंत्र. घरचा हाताचा ग्राइंडरच सोबत येतो, वेगळा घ्यायची गरज नाही.

डिसेंबरच्या थंडीत थंडगार धातू पाण्याची उष्णता शोषून घेतो आणि कॉफी आंबट होते. म्हणून कॉफी न घालता दोनदा उकळतं पाणी त्यातून पंप करून काढा आणि तिसऱ्यांदा कॉफी घाला. त्या उंचीवर पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे निववत बसू नका, उकळी येताच ओता. बिया घरीच १८-१८ ग्रॅम मोजून छोट्या डब्यांत भरा आणि दळण तिथेच करा. चोथा पिशवीत बांधून परत आणा, धरणाच्या पाण्यात टाकू नका.