गोल्फच्या क्लबवर कोरलेल्या कंपनीच्या नावाबद्दल मत ठोकण्याआधी या चुका टाळा

"या कंपनीचे आयर्न लांब जातात." "त्यांचा ड्रायव्हर डावीकडेच ओढतो." "फोर्ज्ड घ्यायचे तर जपानीच." येरवड्याचा पूना गोल्फ क्लब असो की चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी, टी-बॉक्सवर (पहिला फटका मारायच्या जागी) थोडा वेळ उभं राहिलं की असं एखादं वाक्य कानावर पडतंच. (आयर्न म्हणजे मधल्या अंतराचे, धातूच्या पात्याचे क्लब; ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब मारायचा; फोर्ज्ड म्हणजे ठोकून घडवलेले.) बोलणारा खोटं बोलत नसतो. बॉल खरंच लांब गेलेला असतो, खरंच डावीकडे वळलेला असतो. घोळ होतो तो श्रेय आणि दोष कुणाच्या खात्यावर टाकायचा यात. लॉफ्ट (बॉलला लागणाऱ्या चेहऱ्याचा मागे कललेला कोन), शाफ्ट (दांडा), लाय (दांडा जमिनीशी करतो तो कोन), ग्रिप (मूठ), बॉल आणि जमीन यांनी केलेलं काम हेडवर (क्लबच्या खालच्या डोक्यावर) कोरलेल्या नावाच्या नावावर जमा होतं, आणि लाखभर रुपयांचा सेट त्याच हिशेबावर घेतला किंवा फुंकला जातो.

सात नंबरशी सात नंबर ताडणं

सर्वांत जास्त मतं इथेच बिघडतात. आयर्नच्या तळावर कोरलेला 7 हा आकडा (लहान आकड्याचा क्लब बॉल लांब नेतो) कुठल्याही नियमाने बांधलेला नाही. ब्लेड प्रकारच्या, म्हणजे पातळ, पारंपरिक हेडच्या 7 नंबरचा लॉफ्ट साधारण 34-35 अंश असतो. मध्यम आणि नवख्या खेळाडूंसाठीच्या, जाड तळाच्या 7 नंबरचा 28 ते 30. लगतच्या दोन आयर्नमध्ये 4 अंश आणि 10-12 यार्ड धरले, तर 6 अंशांचा फरक म्हणजे दीड क्लब झाला. त्यात दांडाही बऱ्याचदा पाव इंचाने लांब. तेव्हा मित्राचा 7 नंबर तुमच्यापेक्षा 15 यार्ड पुढे पडला, तर तुमच्या 7 नंबरशी सामना झाला तो त्याच्या साडेपाच नंबरचा.

ही निव्वळ लबाडी आहे असं मात्र समजू नका. अशा हेडमध्ये वजन खाली आणि मागे नेलेलं असतं, चेहरा पातळ असतो, त्यामुळे बॉल आपोआप उंच उठतो. तिथे 34 अंश ठेवले तर तो उंच जाऊन जागीच पडेल, म्हणून लॉफ्ट कमी करतात. खरा प्रश्न पुढचा आहे: बॉल ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, थांबतो का? 7 नंबरला मिनिटाला 7000 फेऱ्यांचा स्पिन हा जुना ठोकताळा. लांब मारणाऱ्या अशा 7 नंबरमध्ये तो 5000 च्या आसपासही उतरतो. असा बॉल थांबवायचा तर तो उंचावरून, साधारण 45 अंशांच्या कोनात उतरायला हवा. लाँच मॉनिटरवर (फटका मोजणाऱ्या यंत्रावर) उतरण्याचा कोन वेगळा दाखवलेला असतो. बहुतेक जण तो रकाना न बघताच खूश होऊन बाहेर पडतात.

या लॉफ्टचा दुसरा फटका काही आठवड्यांनी बसतो. वेज म्हणजे जवळच्या फटक्यांचे, जास्त लॉफ्टचे क्लब. सेटमधला पिचिंग वेज 43-44 अंशांचा आणि बॅगेतला जुना सँड वेज 56 चा. मध्ये 12-13 अंशांची दरी. मग 90 ते 100 यार्डांवर धड कुठलाच क्लब बसत नाही, आणि "या कंपनीचे वेज कळतच नाहीत" असं मत तयार होतं. तिथे 48 ते 50 अंशांचा एक वेज घातला की तक्रार मिटते.

म्हणून तुलना करताना तळावरचा आकडा विसरा. कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक मॉडेलचा लॉफ्ट, लांबी, लाय यांचा तक्ता असतो. तो उघडून सारख्या लॉफ्टचे क्लब समोरासमोर ठेवा आणि बॉल हवेतून किती गेला तेवढंच मोजा, घरंगळलेलं धरू नका. कंपनीसुद्धा एकसंध नसते. टायटलिस्टचा टी-100 आणि टी-350, किंवा पिंगचा ब्लूप्रिंट आणि जी-430, हे एकाच छपराखालचे पण अगदी वेगळ्या खेळाडूंसाठीचे क्लब आहेत. एकाचा अनुभव दुसऱ्यावर चिकटवू नका.

जाता जाता: पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. नुसत्या विरळ हवेमुळे बॉल तिथे मुंबईपेक्षा सुमारे 2 टक्के जास्त जातो, म्हणजे 150 यार्डांना 3 यार्ड. मुंबईत जुना सेट खेळून पुण्यात नवा आजमावला, तर हे 3 यार्ड आधी वजा करा.

हेडच्या नावावर शाफ्टचा गुण

शाफ्ट किती कडक ते सांगणाऱ्या आर, एस, एक्स (चढत्या क्रमाने कडक) या अक्षरांना सगळ्या कंपन्यांना लागू असा कुठलाही मापदंड नाही. एका कंपनीचा एस दुसऱ्या कंपनीच्या आरइतका मऊ निघू शकतो. वजनाचं तर विचारूच नका. ड्रायव्हरचे ग्राफाइट शाफ्ट 45 ते 70 ग्रॅमपर्यंत आणि आयर्नचे स्टील शाफ्ट 95 ते 130 ग्रॅमपर्यंत मिळतात. एकाच हेडमध्ये 50 ग्रॅमचा शाफ्ट घालून मारा आणि मग 65 ग्रॅमचा. दोन वेगळ्या कंपन्यांचे क्लब वाटतील.

क्लब "जड" किंवा "हलका" लागतो तो बहुधा स्विंगवेटमुळे, म्हणजे फिरवताना हेड किती जड जाणवतं त्या मापामुळे. पुरुषांच्या सेटमध्ये तो डी-2 च्या आसपास असतो. दांडा अर्धा इंच वाढवला की तो साधारण 3 अंकांनी चढतो, हेडवर 2 ग्रॅम चढवले की 1 अंकाने, आणि ग्रिप 4-5 ग्रॅमने जड केली की 1 अंकाने उतरतो. ग्रिप बदलून आणल्यावर "हेड हातात जाणवतच नाही" असं वाटलं, तर आधी नव्या ग्रिपचं वजन बघा. जाड ग्रिपा बऱ्याचदा 10-15 ग्रॅमने जड असतात.

अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

नाचता येईना अंगण वाकडे, हे गोल्फमध्ये रोज ऐकावं लागतं. लाय अँगलच्या बाबतीत मात्र अंगण कधीकधी खरोखरच वाकडं असतं. बॉल लागताना क्लबची टोकाकडची (दांड्यापासून दूरची) बाजू वर उचललेली राहिली, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल डावीकडे निघतो. टोक जमिनीत रुतलं तर उजवीकडे. 7 नंबरला 1 अंशाची चूक 150 यार्डांवर पावणेदोन यार्ड होते, 3 अंशांची 5 यार्डांहून जास्त. लॉफ्ट वाढेल तसा हा परिणाम वाढतो आणि ड्रायव्हरला तो जवळजवळ नसतोच. म्हणून ड्रायव्हर सरळ, 5 नंबर बरा, 9 नंबर आणि वेज मात्र नेमाने डावीकडे, असं चित्र दिसलं तर स्विंग बदलण्याआधी लाय तपासा.

तपासायला दहा मिनिटं आणि एक पाण्याने पुसता येणारा काळा मार्कर पुरतो. बॉलवर वरपासून खालपर्यंत जाड रेघ ओढा. रेघ उभी आणि क्लबच्या चेहऱ्याकडे तोंड करून राहील असा बॉल ठेवा आणि नेहमीसारखा फटका मारा. रेघेचा ठसा चेहऱ्यावर उमटतो. तो खोबणींना काटकोनात असेल तर लाय बरोबर आहे. ठशाचं वरचं टोक क्लबच्या टोकाकडे झुकलं असेल तर क्लब जास्त उभा आहे, हीलकडे (दांड्याच्या बाजूला) झुकलं असेल तर जास्त सपाट. एका ठशावर जाऊ नका, पाच-सहा घ्या. मग फिटरकडे (क्लब मापात बसवून देणाऱ्याकडे) 1 किंवा 2 अंश वाकवून घ्या. मऊ कार्बन स्टीलचे फोर्ज्ड हेड सहज वाकतात. कडक स्टेनलेसचे ओतीव हेड 2 अंशांच्या पुढे नेऊ नयेत, होझलला (दांडा बसतो त्या नळीला) तडा जाण्याची भीती असते. पिंगच्या आयर्नवरचा रंगीत ठिपका याच मापाचा असतो आणि काळा ठिपका म्हणजे प्रमाण लाय. वापरलेला पिंग सेट घेताना ठिपका न बघता पैसे देणारे कमी नाहीत.

"फील" म्हणजे बराचसा आवाज

बॉल आणि चेहरा एकमेकांना चिकटलेले असतात ते सुमारे अर्धा मिलिसेकंद. हाताला काही कळेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. "लोण्यासारखं लागलं" यात कानाचा वाटा फार मोठा आहे. कानात इअरप्लग घालून दोन्ही आयर्न मारून पाहा, फोर्ज्ड आणि कास्ट (ओतीव) ओळखताना भले भले अडखळतात. कार्स्टन सोल्हाइम यांनी कंपनीला पिंग हे नावच आपल्या पहिल्या पटरच्या (ग्रीनवर बॉल ढकलायच्या क्लबच्या) आवाजावरून दिलं. त्याच कंपनीने ओतीव आयर्नवर नाव कमावलं आणि ते आयर्न घेऊन व्यावसायिकांनी मोठ्या स्पर्धा जिंकल्या. आवाज आवडणं हे क्लब घ्यायचं चांगलं कारण आहे, रोज तोच ऐकायचा असतो. फक्त त्याला अचूकपणाचा पुरावा समजू नका.

एका बादलीवर निकाल

डेमो डेला, म्हणजे कंपनी क्लब वापरून बघू देते त्या दिवशी, नवा ड्रायव्हर हातात येतो, तिसरा बॉल कधी नव्हे इतका लांब जातो आणि मत पक्कं होतं. नव्याचे नऊ दिवस. रेंजचे (सरावाच्या मैदानावरचे) बॉल घासलेले, कमी उडणारे, एकमेकांशी न जुळणारे असतात. चटईवर बॉलच्या मागे जमिनीत लागलेला फटकाही क्लब घसरून बरा निघतो. शिवाय नव्या क्लबची ग्रिप नवी असते, तुमच्या जुन्या क्लबची चकाकलेली. मुंबईच्या दमट हवेत ती ग्रिप घट्ट आवळून धरावी लागते आणि मनगटं जखडतात. तुलनेआधी जुनी ग्रिप कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि ब्रश यांनी धुऊन वाळवा. तरीही घसरत असेल तर बदला. ग्रिपचा खर्च ड्रायव्हरच्या मानाने किरकोळच.

मग चाचणी अशी घ्या. अंग मोकळं होईपर्यंत 15 बॉल दुसऱ्याच क्लबने मारा. स्वतः खेळता तोच बॉल वापरा आणि शक्य असेल तर गवतावर मारा. जुन्याने 5, नव्याने 5, परत जुन्याने 5, असं आलटून पालटून प्रत्येकी 20 होईपर्यंत. सलग 20 मारलेत तर दमल्याचा दोष दुसऱ्या क्लबच्या माथी जातो. चेहऱ्यावर पायाच्या पावडरचा स्प्रे मारा म्हणजे बॉल कुठे लागला ते दिसेल. इम्पॅक्ट टेप नको, ती स्पिन बदलते. वाईट फटकाही 20 मध्ये मोजा. सर्वांत लांब फटक्यावर भुलू नका, 20 पैकी मधले 14 किती रुंदीत पडले ते बघा. अजून चोख हवं असेल तर मित्राला दोन्ही हेडवरच्या नावावर काळी इन्सुलेशन टेप लावायला सांगा. चेहऱ्याला हात नको.

ड्रायव्हरच्या बाबतीत हे जास्तच लागू. चेहऱ्याच्या स्प्रिंगवर (उसळीवर) नियमाने मर्यादा आहे, चाचणीत स्पर्शाचा वेळ 239 मायक्रोसेकंद अधिक 18 ची सूट. हेडचं आकारमान 460 घनसेंटीमीटरच्या पुढे नेता येत नाही (मोजणीतली 10 ची सूट सोडून). सगळ्या मोठ्या कंपन्या त्या भिंतीला टेकून उभ्या आहेत, त्यामुळे बरोबर मध्यावर लागलेल्या फटक्यात फार फरक उरत नाही. फरक असतो तो टोकाला किंवा हीलला लागलेल्या फटक्यांत, आणि तो दिसायला 20 बॉल लागतातच.

टीव्हीवरची बॅग

करारबद्ध खेळाडूची बॅग ही शिफारस नसते. 2016 मध्ये नाइकीने क्लब बनवणं थांबवलं आणि तिचे खेळाडू मोकळे झाले, तेव्हा याचा चांगला नमुना दिसला. त्यांतल्या अमेरिकी गोल्फर ब्रूक्स केप्काने 2017 आणि 2018 ची यूएस ओपन जिंकली ती मिझुनोचे आयर्न आणि टेलरमेडचा ड्रायव्हर एकाच बॅगेत ठेवून. शिवाय अशा खेळाडूंच्या क्लबचे लाय, लॉफ्ट, शाफ्ट जागेवर तासून दिलेले असतात. दुकानातल्या खोक्यात तो क्लब येत नाही.

तक्रार करण्याआधी

ड्रायव्हर जमिनीवर टेकवला की चेहरा डावीकडे बंद दिसतो? होझलची स्लीव्ह (फिरवून लॉफ्ट बदलायची बाही) बघा. स्लीव्हने लॉफ्ट वाढवला की चेहरा बंद होतो, कमी केला की उघडतो. आधीच्या माणसाने ती फिरवून ठेवलेली असू शकते. मूळ खुणेवर आणा आणि सोबतच्या पान्याने कट्ट आवाज येईपर्यंत पिळा, त्यापुढे नाही. हेडमध्ये खुळखुळ होत असेल तर बहुधा आतल्या डिंकाचा तुकडा सुटलेला असतो किंवा वजनाचा स्क्रू ढिला असतो. दोन्ही दुरुस्त होतात.

वेज जुलैत चिखलात रुततो आणि मेमध्ये कडक जमिनीवरून उसळतो? दोष वेजचा नसतो; एकच बाउन्स, म्हणजे वेजच्या तळाचा जमिनीशी होणारा कोन, दोन्ही जमिनींना पुरत नाही. नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानाच्या पावसाळी ओल्या जमिनीला 10 अंशांच्या पुढचा बाउन्स लागतो, उन्हाने भाजलेल्या फेअरवेला (मैदानाच्या मधल्या गवताळ पट्ट्याला) 4 ते 8. आणि "रॉ" फिनिशच्या (मुलामा न दिलेल्या) वेजवर गंज चढला तर तो दोष नाही, तो तसाच बनवलेला असतो. खेळून झाल्यावर कोरडा पुसा आणि तेलाचा हात फिरवा.

वापरलेला सेट असेल तर मत बनवण्याआधी टेप घ्या. 7 नंबर साधारण 37 इंच भरायला हवा. दुबईहून किंवा अमेरिकेहून आलेल्या सेटांचे दांडे आधीच्या मालकाच्या उंचीप्रमाणे कापलेले किंवा वाढवलेले सापडतात. "नवाकोरा, निम्म्या किमतीत" असा ड्रायव्हर असेल तर होझलवरचा क्रमांक कंपनीकडे पडताळा. टायटॅनियमचा म्हणून विकलेल्या हेडच्या चेहऱ्याला चुंबक लावून बघा. तो चिकटला तर क्लब परत करा आणि त्या कंपनीबद्दल काही बोलू नका, कारण तो त्यांचा नव्हताच.