मुळशी-मावळात झाडावर मिरी कशी चढवावी

मिरीचा वेल पावसाळ्यात कुणाच्याही हाताला येतो. हातचा जातो तो होळीनंतर. पौडच्या पुढे पाऊस भरपूर पडतो, एवढ्याच भरवशावर मी पहिल्यांदा उघड्या बांधावर सिमेंटच्या खांबांना वीस वेल लावले. दिवाळीपर्यंत ते छातीएवढे झाले. पुढच्या मे महिन्यात त्यांतले दोन उरले. त्या दोन खांबांवर दुपारनंतर शेजारच्या आंब्याची सावली पडत होती. तेव्हापासून मी मिरीचा विचार झाडापासून सुरू करतो.

जागा कुठली

मिरीला वर्षाला साधारण २००० मिलिमीटर पाऊस, दमट हवा आणि १० ते ४० अंशांमधले तापमान मानवते. पुणे शहरात पाऊस ७०० ते ७५० मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्यावर वेल पोसत नाही. मुळशी, मावळ, वेल्हे आणि भोरचा घाटाकडचा पट्टा मात्र पावसात कोकणाशी नाते सांगतो. फरक आहे तो उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेचा. शिरूर-दौंडकडे शेत असेल तर मिरीच्या मागे लागू नका, असेच मी सांगेन.

जमीन तांबडी, निचऱ्याची, सामू (पीएच) ५.५ ते ६.५ असलेली हवी. भाताच्या खाचरात वेल लावू नये, कारण पाणी साचले की मुळ्या कुजतात. उतार असेल तर उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे तोंड असलेला निवडा. पश्चिमेच्या उतारावर चैत्र-वैशाखातले दुपारचे ऊन वेलाला भाजून काढते.

झाड निवडताना

कोकणात नारळ-सुपारीवर मिरी चढवतात. कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांत सिल्व्हर ओकवर, तर केरळात पांगाऱ्यावर. मिरीचा वेल पेरापेरातून बारीक मुळ्या काढतो आणि त्यांनीच खोडाला चिकटतो. म्हणून साल खडबडीत हवी आणि ती गळणारी नसावी. निलगिरीची साल सोलून पडते, तिच्याबरोबर वेलही खाली येतो.

पांगारा आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) यांची फांदी रोवली की फुटते, पाला खताला मिळतो, म्हणून पुस्तकात त्यांचे नाव पहिले येते. पण ही दोन्ही झाडे फुलायच्या सुमारास, म्हणजे ऐन उन्हाच्या तोंडावर, पाने गाळतात. नेमकी तेव्हाच आपल्याला सावली हवी असते. शिवाय पांगाऱ्याच्या पानांवर गाठी करणाऱ्या बारीक गांधीलमाशीने केरळात या झाडांचे मोठे नुकसान केले आहे. त्यामुळे शेतात वाढलेला आंबा किंवा फणस असेल तर आपल्या भागात तोच आधी घ्या. बारमाही पाने, खडबडीत साल, आणि मूळचे उत्पन्न चालूच राहते. सावली मात्र विरळ करायला हवी. खालच्या फांद्या काढून दुपारी जमिनीवर ऊन-सावलीची नक्षी पडेल इतपत उजेड येऊ द्या.

नवीन आधारझाडे लावायची असतील तर ३ बाय ३ मीटरवर लावा आणि ती सावली देण्याइतकी होईपर्यंत वेलाची घाई करू नका.

रोप ओळखणे

इथे बरेच जण फसतात, मीही फसलो होतो. मिरीच्या सगळ्या फांद्या सारख्या नसतात. बुंध्यापाशी जमिनीवर पसरणाऱ्या धावत्या फांद्यांपासून केलेले रोप झाडावर चढते. घोस धरणाऱ्या आडव्या फांदीपासून केलेले रोप कधीच चढत नाही, त्याचे झुडूप होते. रोपवाटिकेत रोप कुठल्या फांदीचे आहे हे विचारूनच घ्या. कोथरूडच्या गच्चीवर कुंडीत मिरी हवी असेल, तर मात्र हेच झुडूप उत्तम.

घरी रोप करायचे तर चांगल्या उत्पन्नाच्या वेलाच्या धावत्या फांद्या बुंध्याजवळ खुंटीला गुंडाळून ठेवा, म्हणजे त्या मातीत मुळ्या धरत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापून दोन-तीन पेरांचे तुकडे करा, पाने काढा, देठाचा थोडा भाग राहू द्या. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत भरलेल्या पिशवीत लावून दाट सावलीत ठेवा. पावसाळ्यापर्यंत रोप तयार होते.

जातींमध्ये कन्नूर जिल्ह्यातल्या पन्नियूर केंद्राची पन्नियूर-१ सगळ्यांत प्रसिद्ध. तिचे घोस लांब आणि दाणे टपोरे, पण तिला उजेड लागतो. दाट सावलीत ती हिरमुसते. आमराई दाट असेल तर श्रीकरा किंवा शुभकरा पाहा.

खड्डा आणि लावणी

खड्डा मे महिन्यातच घ्या. झाडाच्या उत्तरेला किंवा ईशान्येला, खोडापासून साधारण ३० सेंटिमीटरवर, ५० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. जुन्या आंब्याजवळ जाड मुळी लागली तर ती तोडू नका, खड्डाच सरकवा. वरची माती, ५ ते १० किलो कुजलेले शेणखत, १ किलो निंबोळी पेंड आणि मूठभर ट्रायकोडर्मा (मूळकुज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून खड्डा भरा. माती जमिनीपेक्षा थोडी उंच ठेवा, म्हणजे पाणी थांबत नाही.

मृगाचा पाऊस लागून जमीन ओली झाली की प्रत्येक झाडाला दोन-तीन रोपे लावा. निदान एक पेर मातीत जायला हवे. शेंडा खोडाकडे वळवून केळीच्या सोपटाने पेरापाशी सैल बांधा. प्लास्टिकची दोरी वेलात रुतते. वेल वाढेल तसे बांधत जा. एखादे पेर खोडापासून सुटून लोंबकळले की तिथून पुढे वेल धरतच नाही.

पहिले दोन उन्हाळे

सगळी मेहनत इथे खर्च करावी. पाऊस थांबताच आळ्यात पाचोळ्याचा वीतभर थर द्या. खोदकाम करू नका, मुळ्या वरवरच असतात. फेब्रुवारीपासून कोवळ्या वेलांना दक्षिण-पश्चिमेकडून नारळाच्या झावळ्या किंवा पळसाच्या डहाळ्या उभ्या करून आडोसा करा. माझ्याकडे ठिबकने दिवसाआड सात-आठ लिटर पाणी जाते आणि ते मे अखेरपर्यंत तोडत नाही.

फळत्या वेलांचे गणित वेगळे. त्यांना मार्चअखेरपर्यंत पाणी देऊन पुढे पावसापर्यंत ताण द्यावा, अशी केरळातली शिफारस आहे. ताणानंतरच्या पावसाने फुलोरा एकदम येतो. आपल्या कोरड्या हवेत पाने कोमेजू लागली तर मी थोडे पाणी देतो. घोसांवरून ओघळणारे पावसाचे थेंबच परागकण खालच्या फुलांपर्यंत नेतात, म्हणून फुलोऱ्यात पावसाने दडी मारली तर वेलावर पाणी फवारावे.

आधारझाडाची छाटणी जून-जुलैमध्ये करा, कारण ढगाळ दिवसांत वेलाला उजेड कमी पडतो. हिवाळ्यात फांद्यांना हात लावू नका. वेल सहा मीटरच्या वर जाऊ देऊ नये, काढणी जिवावर बेतते.

खत आणि मर रोग

तिसऱ्या वर्षापासून दर वेलाला वर्षाकाठी १० किलो शेणखत आणि ५० ग्रॅम नत्र, ५० ग्रॅम स्फुरद, १५० ग्रॅम पालाश. रासायनिक खताचे दोन हप्ते करा: पावसाच्या सुरुवातीला आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

भीती आहे ती जलद मर रोगाची. तो आणणारा बुरशीसारखा जंतू ओल्या जमिनीत वाढतो. पानांवर काळे, कडा विसकटलेले डाग दिसतात आणि काही दिवसांत उभा वेल झडतो. मग औषधाने काही साधत नाही. म्हणून पावसाआधी आणि ऑगस्टमध्ये १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये विरघळवा, मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओता. भांडी प्लास्टिकची घ्या. चकचकीत लोखंडी पाते बुडवून पाहा, तांबूस थर चढला तर चुना वाढवा. मेलेला वेल मुळासकट काढून जाळा.

काढणी

तिसऱ्या-चौथ्या वर्षी पहिले घोस येतात, भरघोस उत्पन्न सातव्या-आठव्या वर्षापासून. घोसातले एक-दोन दाणे नारिंगी झाले की पूर्ण घोस काढा. दाणे सोडवून फडक्यात बांधून उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवले की रंग एकसारखा काळा येतो. मग स्वच्छ चटईवर चार-पाच दिवस कडक ऊन द्या. आपली कोरडी हवा इथे मात्र उपयोगी पडते. तीन किलो हिरव्या मिरीची साधारण एक किलो काळी मिरी होते. दाणा दाताखाली टचकन फुटला की डब्यात भरा.