शेवाळाचा अर्क आणि आतड्याच्या पेशी: या चुका टाळा

युरोपात जून २०२२ पासून डुकराच्या पिलांना जुलाब थांबवायला औषधी डोसचं झिंक ऑक्साइड देणं बंद झालं, त्यामुळे दूध तोडल्यावर पिलांचं आतडं सांभाळायला समुद्री शेवाळ चालेल का हा प्रश्न अगदी खराखुरा आहे. आपल्याकडेही ओहोटीला खडकांवरून सरगॅसम हे तपकिरी शेवाळ गोळा करून कल्चर रूममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या खोलीत, येणारी मुलं असतात. विषय चांगला आहे, म्हणूनच त्याच त्याच चुकांनी वाया गेलेलं काम बघून जीव तुटतो.

प्रयोग साधा वाटतो. आयपेक-जे२ पेशी, म्हणजे नवजात, आईचं दूधही न प्यालेल्या पिलाच्या लहान आतड्यातून काढलेल्या, त्यांना आधी अर्क द्यायचा, मग पेशींना ऑक्सिडेशनचा ताण देणारं हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि शेवटी किती जगल्या ते एमटीटीने, म्हणजे जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात त्या पिवळ्या रंगद्रव्याने, बघायचं. गडबड इथेच होते.

माझ्याकडे एक मुलगी आली होती, दोन महिन्यांचा डेटा घेऊन. "ताई, बघा ना, जगण्याचं प्रमाण कंट्रोलपेक्षाही जास्त, १३० टक्के!" मी विचारलं, पेशी नसलेल्या वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खळग्यात, अर्क आणि एमटीटी घालून पाहिलंस का? नव्हतं पाहिलं. त्याच दुपारी आम्ही सहा रिकाम्या वेल भरल्या, नुसतं मीडियम, अर्क आणि एमटीटी, आणि तीन तासांनी प्लेट बाहेर काढली तर तळाशी जांभळे स्फटिक, एकही पेशी नसताना! तपकिरी शेवाळातले फ्लोरोटॅनिन नावाचे पॉलिफेनॉल एमटीटीला थेट रिड्यूस करून जांभळं करतात, त्याला जिवंत मायटोकॉन्ड्रिया लागतच नाही. ती पोरगी गप्प बसून राहिली, मलाही वाईट वाटलं, कारण तिने मेहनत खरी केली होती, फक्त तिला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून माझ्याकडे पेशी नसलेली एक ओळ प्रत्येक प्लेटवर असतेच, एमटीटी घालण्याआधी कोमट पीबीएसने (मिठाच्या बफरने) दोनदा धुवायचं, आणि शेवटी तळाशी चिकटलेल्या पेशी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून दुसऱ्या पद्धतीनेही खात्री करायची. एवढा वेळ नाही म्हणणाऱ्यांना मी सांगते, मग प्रयोगच करू नका.

दुसरी चूक याहून वाईट, कारण ती दिसत नाही. अर्क आणि पेरॉक्साइड एकाच वेळी वेलमध्ये. असं केल्यावर अर्काने पेशीला सावरलं की पेरॉक्साइडलाच बाहेरच्या बाहेर संपवलं, हे कळायला मार्गच राहत नाही. प्राण्याच्या आतड्यात तो अर्क पचून, पातळ होऊन पोचणार, तिथे टेस्ट ट्यूबमधली केमिस्ट्री उपयोगाची नाही, पेशीचा स्वतःचा एनआरएफ-२, म्हणजे संरक्षक जनुकं चालू करणारा घटक, जागा झाला का, त्यामुळे एचओ-१ हे संरक्षक एन्झाइम वाढलं का, ते महत्त्वाचं. म्हणून अर्क काढून टाका, धुवा, मगच पेरॉक्साइड द्या. आणि मीडियमचं लेबल वाचा हो! बऱ्याच डीएमईएममध्ये (पेशी वाढवायच्या नेहमीच्या मीडियममध्ये) ११० मिलिग्रॅम प्रति लिटर सोडियम पायरुव्हेट असतं, म्हणजे १ मिलिमोलर, आणि ते पेरॉक्साइडला एकास एक खातं, तुम्ही ५०० मायक्रोमोलर घातलंत तर ते थोड्या वेळात संपणारच, मग "आमच्या पेशी मरतच नाहीत" म्हणून डोस दुप्पट करत बसता. पेरॉक्साइडच्या वेळी पायरुव्हेट नसलेलं, सीरम नसलेलं मीडियम वापरा.

याची उलटी बाजूही आहे. पॉलिफेनॉल मीडियममध्ये स्वतःच ऑक्सिडाइज होऊन थोडं पेरॉक्साइड तयार करू शकतात, आणि त्या हलक्या धक्क्यानेच पेशी सावध झालेल्या असू शकतात. तेव्हा एका सेटमध्ये अर्कासोबत पेरॉक्साइड तोडणारं कॅटालेज एन्झाइम घालून बघाच. मग संरक्षण गायब झालं तर ते त्या धक्क्यामुळेच होतं, म्हणजे गोष्ट वेगळी आहे.

पेरॉक्साइडची जुनी बाटली वापरून लेबलवरच्या ३० टक्क्यांवर विश्वास ठेवू नका, पातळ करून २४० नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजा, १० मिलिमोलरला ०.४३६ च्या आसपास यायला हवं. आणि कुणाच्या तरी पेपरमधला डोस उचलू नका, पेशी किती दाट आहेत त्यावर तो बदलतो, आपली कर्व्ह आपण काढायची.

डीसीएफच्या, म्हणजे पेशीतल्या ऑक्सिडंटमुळे चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या, प्लेटवर दिवा नको, उजेडात ते आपोआप चमकायला लागतं.

फ्युकॉयडन म्हणजे तपकिरी शेवाळातलं सल्फेट असलेलं पॉलिसॅकराइड, साखरेची लांब साखळी; "फ्युकॉयडन १०० मायक्रोग्रॅम" एवढंच लिहून काही कळत नाही, कुठलं शेवाळ, सल्फेट किती, रेणूभार किती ते लिहा.

पॉलिसॅकराइडचा चिकट अर्क ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून रेटताना निम्मा माल फिल्टरवरच राहू शकतो, आणि तुम्ही हिशेब मूळ वजनाचा धरता. मी फिल्टरच्या आधी आणि नंतर फिनॉल-सल्फ्युरिक ॲसिडने साखर मोजते, अर्धा तास जातो.

लॅमिनारिन, म्हणजे तपकिरी शेवाळातलं बीटा-ग्लुकॅन, वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: एंडोटॉक्सिनच्या (जिवाणूंच्या विषाच्या) नेहमीच्या एलएएल चाचणीत बीटा-ग्लुकॅनही खोटा पॉझिटिव्ह देतो, तेव्हा ग्लुकॅन अडवणारा बफर घाला किंवा रिकॉम्बिनंट फॅक्टर सीचं किट घ्या, नाहीतर चांगला माल घाण समजून फेकून द्याल.