परदेशातील परिचर्या नोंदणी: सोलापूरच्या परिचारिकांसाठी तयारीचा क्रम

परदेशात परिचारिका म्हणून काम करायचे असेल, तर नोकरीच्या जाहिरातींआधी त्या देशात परिचारिकांना नोंदणी किंवा परवाना देणाऱ्या संस्थेचे नियम वाचावेत, कारण रुग्णालयाने निवड केली तरी त्या नोंदणीशिवाय त्या पदावर काम करता येत नाही. सोलापुरात अनेक जणी आधी इंग्रजीच्या क्लासची फी भरतात आणि देश मागाहून ठरवतात. हा क्रम उलटा असायला हवा. जर्मनीला जाणारीला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा फारसा उपयोग नाही, तिची वर्षे जर्मन शिकण्यात जायला हवीत.

देश ठरला की कागदपत्रांकडे वळावे आणि तिथे हवा तेवढा वेळ द्यावा. जीएनएम ही परिचर्येची पदविका असो वा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.एस्सी., दहावीच्या प्रमाणपत्रापासून पासपोर्टपर्यंत नावाचे स्पेलिंग एकच असावे. आपल्याकडे कुठे आडनाव आधी येते, कुठे शेवटी. मधले नाव लग्नाआधी वडिलांचे आणि नंतर पतीचे असते. ही एकच व्यक्ती आहे, हे परदेशातील पडताळणी करणाऱ्याला आपोआप कळत नाही, म्हणून विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणि गरज असल्यास नावबदलाचे राजपत्र आधीच हाताशी ठेवावे. अक्कलकोट, मंद्रूप भागातील ज्या मुलींनी विजयपूर किंवा कलबुर्गीला शिक्षण घेतले, त्यांची मूळ नोंदणी कर्नाटकच्या परिषदेकडे असू शकते. पुढे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडेही नोंदणी केली असेल, तर दोन्हीकडून पडताळणी मागितली जाण्याची तयारी ठेवावी. अनुभवाच्या दाखल्यात विभाग, पद, तारखा आणि कामाचे स्वरूप स्पष्ट हवे, आणि तो नोकरी सोडतानाच घ्यावा.

ब्रिटनसाठी आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण व संभाषणात प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. ओईटी ही आरोग्यक्षेत्रातील लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा हा दुसरा पर्याय आहे. त्यानंतरची संगणकावरील सीबीटी परीक्षा भारतातच देता येते. तिच्या पहिल्या भागात औषधमात्रेच्या हिशोबाचे १५ प्रश्न असतात, दुसऱ्यात परिचर्येचे १००. शेवटची ऑस्की ही १० टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा मात्र ब्रिटनमध्येच द्यावी लागते, आणि माझ्या मते खरी मेहनत तिच्यासाठीच करावी. गर्दीच्या वॉर्डात काम केलेल्या परिचारिकेचा हात वेगवान असतो, पण त्या घाईत रुग्णाला नाव विचारणे, ॲलर्जीची खात्री करणे, काय करणार आहोत ते सांगून संमती घेणे हे बोलून दाखवायचे राहून जाते. परीक्षक नेमके तेच पाहतात. म्हणून आजच्या ड्यूटीतच प्रत्येक इंजेक्शनच्या वेळी या पायऱ्या मोठ्याने म्हणण्याची सवय लावावी.

जर्मनीत पूर्ण मान्यतेसाठी साधारणपणे बी-२ म्हणजे वरच्या मध्यम पातळीची जर्मन भाषा लागते. आपला अभ्यासक्रम तिथल्याशी ताडून पाहिला जातो आणि तफावत आढळल्यास ज्ञान परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण यांपैकी एक मार्ग घ्यावा लागतो. आखाती देशांत बहुधा डेटाफ्लो या पडताळणी कंपनीमार्फत कागदपत्रांची मूळ संस्थेकडून तपासणी होते आणि परवान्याची संगणकीय परीक्षा असते. अनुभवाची अट अर्ज करण्यापूर्वीच पाहावी.

एजंटाच्या बाबतीत अजिबात भिडस्तपणा नको. परदेशी नोकरीसाठी भरती करणारी संस्था परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेली आहे का, हे स्वतः तपासावे. तिला उमेदवाराकडून घेता येणारे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकेच आहे. ब्रिटनच्या भरती संहितेनुसार तर नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेताच येत नाही. सौदी, कुवेतसारख्या देशांतील परिचारिकांची भरती सरकारने ठरवून दिलेल्या संस्थांमार्फतच होते. मूळ प्रमाणपत्रे कुणाच्याही ताब्यात ठेवू नयेत, आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती संस्थेच्या नोंदणी क्रमांकासह मागून घ्यावी.