शालू खांद्यावर टाकून ठरवू नका

लग्नाच्या खरेदीला सोलापूरच्या नवी पेठेत किंवा चाटी गल्लीत गेलात, की दुकानदार शालू खांद्यावर टाकून आरसा दाखवतो. तेवढ्यावर हो म्हणू नका. साडी नीट नेसवून मागा, निऱ्यांसकट. मग ती घेऊन दुकानाच्या दारात, उन्हात या. ट्यूबलाइटखाली केशरी दिसणारा रंग बाहेर कधी विटकरी निघतो. चेहरा उजळला तर रंग आपला. काकू, मावशी काय म्हणतात ते नंतर.

काठाकडे बघा. उंची बेताची असेल तर वीतभर रुंद काठ अंगाला खुजं करतो. तीन-चार बोटांचा काठ आणि बारीक बुट्टी बरी. उंच मुलीला मात्र मोठा काठ शोभतो.

आता खरी गोष्ट, वजन. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा सहज 40 च्या वर जातो, आणि आपले मुहूर्त नेमके तेव्हाच. भरगच्च जरीचा शालू फोटोत देखणा, पण होमापुढे तासभर बसल्यावर घामाने जीव नकोसा होतो. म्हणून दुकानातच साडी नेसून मांडी घालून बसून बघा. (लोक बघतील, बघू द्या.) होमाजवळ सिंथेटिक कापड नकोच, ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतं.

ब्लाउजला अस्तर सुतीच लावायला सांगा, आणि शिवणीत दोन्ही बाजूंना इंचभर कापड ठेवायला लावा. केळवणं झाली की ते उसवावं लागतंच.